ठासणीची जुनी बंदूक हाती आली तर: ओळख, कायदा आणि जतन

वाड्याचा माळा साफ करताना, वाटणीच्या वेळी किंवा गढीची भिंत पडल्यावर कधीतरी एक लांबलचक, गंजलेली बंदूक बाहेर येते. मग जमलेल्यांपैकी एक जण ती खांद्याला लावून चाप ओढून बघतो आणि दुसरा चिंच घेऊन पितळ घासायला बसतो. पहिल्याने जीव जाऊ शकतो. दुसऱ्याने बंदुकीचा इतिहास जातो, आणि तो परत आणता येत नाही.

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरायची बंदूक. आधी दारू, मग गोळी, मग चिंधी किंवा बुच, आणि सगळं गजाने ठासून बसवायचं. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आपल्याकडची जवळपास सगळी लढाई आणि शिकार अशाच बंदुकांवर चालली. या बंदुका अजून घराघरांत आहेत, पण त्या ओळखायच्या कशा, कायद्याने ठेवायच्या कशा आणि टिकवायच्या कशा हे मराठीत एका जागी सहसा सापडत नाही. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिला आहे.

आधी ती भरलेली आहे का ते पाहा

शंभर-दीडशे वर्षं पडून असलेली बंदूक भरलेली असू शकते, आणि असा प्रकार वाटतो तितका दुर्मिळ नाही. पूर्वी डुकरं येतील, दरोडा पडेल म्हणून बंदूक भरूनच खुंटीला टांगत. ठासणीच्या बंदुकीतला बार, म्हणजे आत ठासलेली दारू आणि गोळी, काढणं कटकटीचं असल्यामुळे तो तसाच राहून जाई. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेटते.

तपासणी सोपी आहे. बंदूक आडवी ठेवा आणि तिच्या तोंडासमोर कुणालाही उभं राहू देऊ नका, स्वतःही राहू नका. एक बारीक, सरळ लाकडी काठी हळूच नळीत सरकवा. लोखंडी गज किंवा सळई अजिबात वापरायची नाही. काठी टेकली की नळीच्या तोंडापाशी तिच्यावर पेन्सिलीने खूण करा. मग काठी बाहेर काढून नळीच्या बाजूने अशी धरा की खूण तोंडाशी येईल. काठीचं दुसरं टोक बुडाकडच्या कानापर्यंत, म्हणजे जिथून आग आत जाते त्या बारीक भोकापर्यंत, पोचलं पाहिजे. ते चार-पाच सेंटीमीटर अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. कदाचित गांधीलमाशीचं घर असेल, पण बार आहे असंच धरून चालायचं.

मग ठोकायचं नाही, तापवायचं नाही, ड्रिल लावायचं नाही. बंदूक तोंड भिंतीकडे करून मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि पोलिसांना कळवा. बार काढण्याचं काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याचं किंवा पोलीस शस्त्रागारातल्या आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं आहे.

कागद

हा भाग रटाळ आहे, पण तो ओलांडून पुढे जाता येत नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 मध्ये एक सूट आहे. कालबाह्य घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकळीला आलेलं शस्त्र, जे दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येत नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. लोक यातला ‘पुराणवस्तू’ एवढाच शब्द उचलतात आणि निर्धास्त होतात. वाक्याचा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा आहे. नळी शाबूत आहे, कान मोकळा आहे, घोडा (चाप ओढल्यावर पडणारा, बार पेटवणारा भाग) पडतो, अशी दोनशे वर्षांपूर्वीची बंदूकही या सुटीत बसत नाही. कारण ती उडू शकते.

तेव्हा ‘आमची तर शोभेची आहे’ हे आपण ठरवायचं नाही. शहरात पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हाधिकारी यांच्या शस्त्र परवाना शाखेत फोटोसह लेखी अर्ज द्या, शस्त्राची तपासणी मागा आणि जे उत्तर येईल ते लेखी घ्या. नियमांत कुतूहलाच्या आणि ऐतिहासिक शस्त्रांचा वेगळा वर्ग आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा. बंदूक वडिलांच्या किंवा आजोबांच्या परवान्यावर असेल आणि ते वारले असतील, तर वारसाच्या नावाने परवाना होईपर्यंत ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. जमा केल्याची पावती जपून ठेवा. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारसाने आलेली बंदूकही त्यात मोजली जाते.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजही ठासणीच्या बंदुका आहेत आणि निवडणूक आली की त्या ठाण्यात जमा होतात. त्यांतल्या पुष्कळशा विसाव्या शतकात कारखान्यात बनलेल्या साध्या एकनळी बंदुका आहेत. घडण जुनी असली तरी त्या पुराणवस्तू नाहीत, परवान्यावरची चालू शस्त्रं आहेत.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारताबाहेर नेता येत नाही. पुराणवस्तू आणि कलानिधी अधिनियम 1972 नुसार निर्यातीचा अधिकार केवळ केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेला आहे. अमेरिकेत 1898 पर्यंत बनलेली बंदूक तिथल्या केंद्रीय कायद्यात ‘अँटिक’ मानली जाते आणि ब्रिटनमध्येही शोभेची म्हणून ठेवायला सूट आहे. पण त्या सुटी त्या देशांपुरत्या आहेत. तिकडे विकत घेतलेली बंदूक सामानात घालून मुंबई विमानतळावर उतरायचा विचार मनातही आणू नका.

पेटवायची तऱ्हा: ओळखीची पहिली पायरी

नक्षी, लांबी, वजन हे सगळं नंतर बघू. आधी बुडापाशी, उजव्या बाजूला पाहा. दारूला आग कशी पोचते, यावरून बंदुकीचं घराणं कळतं.

*तोड्याची बंदूक.* सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी म्हणजे तोडा. तो धुमसत राहतो. चाप ओढला की तोडा धरणारी वाकडी पट्टी खाली येऊन रंजकाच्या, म्हणजे कानापाशी ठेवलेल्या बारीक दारूच्या प्याल्यात टेकते, रंजक पेटतं, आणि कानातून आग आत जाते. देशी तोडेदार बंदूक लांबूनही ओळखू येते. दस्ता, म्हणजे नळी धरणारं लाकूड, सरळ, बारीक आणि पैलूदार असतो. वाकडी पट्टी दस्त्यातल्याच खाचेतून वर आलेली असते. नळी दस्त्याला चामड्याच्या वादीने, पितळी पत्र्याने किंवा तारेच्या वेढ्यांनी बांधलेली असते. प्याल्यावर फिरतं झाकण असतं. कान साफ करायची सुई कधीकधी साखळीला लटकलेली सापडते. ही सुई जागेवर असेल तर ती आधी जपा, कारण सगळ्यात आधी तीच हरवते.

प्रांताप्रमाणे दस्ता बदलतो. सिंधी बंदुकीचा कुंदा, म्हणजे दस्त्याचं खांद्याकडचं टोक, माशाच्या शेपटीसारखा पसरट आणि वाकडा असतो, कर्नाटकातल्या कोडगूच्या बंदुकीचा खूप खाली वळलेला. कोडव समाजाला बंदुकीच्या परवान्यातून आजही सूट आहे आणि कैलपोळदच्या सणाला ते शस्त्रांची पूजा करतात.

या बंदुकीच्या इतिहासात गोव्याला मोठी जागा आहे. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. 1513 मध्ये अफोन्सो द अल्बुकर्क आपल्या राजाला लिहितो, की गोव्यातले कारागीर बोहेमियातल्या कारागिरांच्या तोडीच्या बंदुका बनवतात. बोहेमिया तेव्हा युरोपात या कामासाठी नावाजलेला होता, म्हणजे ही प्रशस्ती लहान नाही. उत्तरेत बाबराने 1526 मध्ये पानिपतावर तोडेदार बंदुका मांडल्या. अकबराला बंदुकांचा नादच होता. ‘संग्राम’ नावाच्या त्याच्या आवडत्या बंदुकीने 1568 मध्ये चितोडच्या वेढ्यात जयमल राठोड पडला, असं त्याच्या दरबारी इतिहासात नोंदलेलं आहे.

युरोपात चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुका आल्यानंतरही आपल्याकडे तोडा शंभर-दीडशे वर्षं टिकला. याला मागासलेपणा म्हणणं मला पटत नाही. तोड्याची कळ, म्हणजे आग पेटवणारी यंत्रणा, गावच्या लोहाराला दुरुस्त करता येई आणि तिला पोलादी कमानींची (स्प्रिंगांची) गरज नव्हती. लांब, जड नळीची बंदूक टेकवून मारली की पल्लाही मोठा मिळे. 1839 ते 1842 च्या अफगाण युद्धात जेझाइल या लांब नळीच्या अफगाण बंदुकीने इंग्रजांच्या मस्केटला, म्हणजे गुळगुळीत नळीच्या लष्करी बंदुकीला, पल्ल्यात मागे टाकलं. तोड्याच्या अडचणीही खऱ्या होत्या. पावसात तो विझे, रात्री दुरून दिसे, आणि शेजारच्या शिपायाच्या दारूच्या पिशवीजवळ जळती दोरी असल्यामुळे खांद्याला खांदा लावून उभं राहणं धोक्याचं होई.

*चकमकीची बंदूक.* घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते. ती पोलादी पट्टीवर घासते, पट्टी पुढे उघडते आणि ठिणग्या प्याल्यात पडतात. कवायती पायदळ उभं राहिलं ते हिच्यावर. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूने लढला. पुढे महादजी शिंद्यांच्या कंपूंसाठी, म्हणजे कवायती पलटणींसाठी, त्यांचा युरोपीय सेनानी द बॉयन याच्या काळात आग्ऱ्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका बनत. 23 सप्टेंबर 1803 च्या असईच्या लढाईत असं कवायती पायदळ दोन्ही बाजूंना उभं होतं.

*टोपीची बंदूक.* आघाताने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट स्कॉटलंडचा पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ याने 1807 मध्ये घेतलं. त्यातून पुढे तांब्याची छोटी टोपी आली. कानाच्या जागी निपल, म्हणजे छोटं पोकळ नळकांडं असतं, त्यावर टोपी बसवायची आणि घोडा हातोड्यासारखा तिच्यावर आपटतो. कोकणात याच टोपीला ‘केप’ म्हणतात. पाऊस आणि वारा यांची अडचण बऱ्याच अंशी संपली.

खुणा वाचायच्या कशा

आपल्याकडे सापडणारी सगळ्यात ओळखीची लष्करी बंदूक म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची ‘इंडिया पॅटर्न’ मस्केट. तिचं उदाहरण घेऊन बघू.

नळी मोजा. तोंडापासून बुडापर्यंत 39 इंच, म्हणजे सुमारे 99 सेंटीमीटर, असायला हवी. 42 किंवा 46 इंच भरली तर ती आधीची घडण. व्हर्नियर कॅलिपरने नळीचं तोंड मोजलं तर सुमारे 19 मिलिमीटर येईल. आत चर, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा नाहीत, नळी गुळगुळीत आहे. आता कळीच्या पट्टीवर तिरका उजेड पाडा. टॉर्च समोरून न धरता बाजूने, पट्टीला जवळजवळ समांतर धरायचा. गंजाखाली दडलेली अक्षरं अशा उजेडात उठून दिसतात. हृदयाच्या आकाराचं, चार भागांत विभागलेलं आणि रोमन अक्षरं असलेलं चिन्ह दिसलं तर ती 1808 च्या आधीची कंपनीची बंदूक. मागच्या पायांवर उभा सिंह दिसला तर 1808 नंतरची. मुकुट आणि ‘जीआर’ (राजा जॉर्जची अक्षरं) असेल, ‘टॉवर’ असं कोरलेलं असेल, तर ती कंपनीची नसून ब्रिटिश सरकारच्या साठ्यातली. मग घोडा पाहा. हंसाच्या मानेसारखा नुसता वळलेला असेल तर घडण आधीची. मानेत भोक ठेवून मजबूत केलेला असेल तर सरकारी नमुन्यात हा बदल 1809 चा आहे. या खुणा एकमेकींशी जुळतात का ते तपासायचं. हृदयाची खूण आणि भोकाचा घोडा एकत्र दिसले तर घोडा नंतर बदललेला असण्याची शक्यता मोठी. लष्करात दुरुस्त्या सतत होत, म्हणून अशी बंदूक टाकाऊ ठरत नाही. नोंदीत मात्र हे लिहायलाच हवं.

एनफील्ड 1853 ही टोपीची बंदूक काडतुसांच्या चरबीमुळे 1857 च्या उठावाशी कायमची जोडली गेली. नळी 39 इंच, तोंड 0.577 इंच म्हणजे साधारण 14.7 मिलिमीटर, आत तीन पीळदार चर, बाहेर तीन पट्टे. आता गंमत बघा. हुबेहूब तशीच दिसणारी, ‘टॉवर’ कोरलेली, पण आतून गुळगुळीत आणि तोंडाला सुमारे 16.5 मिलिमीटर भरणारी बंदूक भारतात बरीच सापडते. चर झिजले असतील असं वाटतं, पण तसं नाही. उठावानंतर इंग्रजांनी देशी पलटणींच्या हातात लांब पल्ल्याची अचूक रायफल द्यायची नाही असं ठरवलं आणि त्यांच्यासाठी मुद्दाम गुळगुळीत नळीच्या बंदुका काढल्या. राज्यकर्त्यांचा अविश्वास कॅलिपरने मोजता येतो, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

नळीच्या बुडावरच्या ठशांवरून ती कुठे तपासली गेली ते कळतं. मुकुटाखाली एकमेकांवर आडवे राजदंड असतील तर बर्मिंगहॅम, तिथलं तपासणी-घर 1813 पासूनचं. अंडाकृतीत ‘ईएलजी’ असेल तर बेल्जियममधलं लीएज. संस्थानी काळात व्यापाऱ्यांनी आणलेल्या कितीतरी शिकारी बंदुका लीएजच्याच आहेत.

देशी बंदुकीवर असे ठसे नसतात, पण वेगळी अक्षरं असू शकतात. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या शस्त्रांवर टिंबाटिंबांनी ठोकलेली देवनागरी असते. टिपूच्या कारखान्यातल्या बंदुकांवर वाघाचं तोंड आणि वाघाचे पट्टे असतात, आणि मौलूदी सनाचे, म्हणजे टिपूने सुरू केलेल्या कालगणनेचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचावे लागतात. नेपाळी साठ्यातल्या बंदुकांवर देवनागरी आकडे कोरलेले आहेत. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला, म्हणजे जुन्या शस्त्रागारातला तो प्रचंड साठा 2003 च्या सुमारास अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला, त्यामुळे परदेशातल्या मराठी संग्राहकांच्या हाती अशी बंदूक येण्याची शक्यता चांगली आहे. हे ठोकलेले आकडे फार उथळ असतात. एकदा पॉलिश पेपर फिरला की संपले.

जोडलेली आणि बनावट

चकमकीच्या पुष्कळ बंदुका पुढे टोपीच्या केल्या गेल्या. कळीच्या पट्टीवर बुजवलेली भोकं दिसली तर तिथे पूर्वी प्याला आणि कमान होती. हा बदल काळातलाच असेल तर तो त्या बंदुकीच्या आयुष्याचा भाग आहे. उलटा प्रकार मात्र फसवणुकीचा असतो. टोपीची बंदूक जास्त जुनी दिसावी म्हणून पुन्हा चकमकीची केलेली असते.

पर्यटकांसाठी बनवलेल्या शोभेच्या बंदुका जुन्या बाजारात राजरोस विकल्या जातात. त्या ओळखायला चार गोष्टी पुरतात. खरी नळी बुडाकडे जाड आणि तोंडाकडे निमुळती होत जाते, बनावट नळी म्हणजे सरळ पाइप. कान एक तर नसतोच किंवा आतपर्यंत पोचत नाही. खूप वापरलेल्या खऱ्या बंदुकीचा कान जळून मोठा झालेला असतो आणि भोवती लोखंडाला बारीक खड्डे पडलेले असतात, कारण दारूची राख ओल ओढते आणि लोखंड खाते. स्क्रूची खाच रुंद आणि यंत्राने कापलेली असेल तर तो स्क्रू तरी नवा. आणि लाकूड: दीडशे वर्षं हाताळलेला दस्ता पकडीच्या जागी गुळगुळीत आणि गडद असतो, बाकी ठिकाणी तसा नसतो. काळा रंग सगळीकडे सारखा बसला असेल तर तो डब्यातून आला आहे.

जतन

चिंच, लिंबू, राख, रांगोळी, पॉलिश पेपर, ड्रिलला लावलेला वायर ब्रश यांतलं काहीही नको. कोफ्तगिरी, म्हणजे लोखंडावरची सोन्या-चांदीची नक्षी, कशी करतात ते कळलं की याचं कारण पटतं. कारागीर लोखंडावर सुरीने बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून पृष्ठभाग खरखरीत करतो आणि त्यावर सोन्याची किंवा चांदीची केसासारखी तार ठोकून बसवतो. ते सोनं त्या रेघांच्या काट्यांवरच धरून राहिलेलं असतं, त्याखाली दुसरा आधार नसतो. पाच मिनिटं जोराने घासलं की तीनशे वर्षं टिकलेली वेल फडक्यावर येते. पीळ देऊन घडवलेल्या नळीवर पाण्यासारख्या लहरी दिसतात, त्याही पॉलिशने नाहीशा होतात.

करायचं ते एवढंच. सुती हातमोजे घाला, घामातलं मीठ लोखंडावर बोटांचे ठसे उमटवतं. मऊ ब्रशने धूळ काढा. लाल, भुसभुशीत गंज चालू गंज असतो. त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाका, दिवसभर मुरू द्या आणि सुती फडक्याने किंवा बांबूच्या कामटीने हलकेच उचला. काळपट तपकिरी, घट्ट थर दिसतो तो तसाच राहू द्या, तो लोखंडाला राखतो. खोबरेल किंवा जवसाचं तेल नको, ते कालांतराने चिकट होतं. शेवटी धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. संग्रहालयंही हेच मेण वापरतात. लाकडात भुंगा असेल, खाली ताजी पूड पडत असेल, तर बंदूक प्लास्टिकमध्ये बंद करून संवर्धकाला दाखवा. रॉकेल ओतू नका.

कळ उघडू नका. तिची मुख्य कमान दाबाखाली असते, चुकीच्या हाताने सुटली तर बोट फुटतं आणि कमानही मोडते. घोडा चढवून नुसता सोडायचाही नाही. निपल आणि जुनी कमान दोन्ही त्याने तुटतात. बंदूक ठेवायची ती घोडा उतरवून.

भिंतीला टांगायचीच असेल तर बाहेरची, पावसाळ्यात ओल धरणारी भिंत नको. चामड्याच्या किंवा लोकरीच्या खोळीत कधीच ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. हवेतली आर्द्रता 45 ते 50 टक्क्यांच्या आसपास राहिली तर लोखंड आणि लाकूड दोघांचंही भागतं. कोकणात आषाढ-श्रावणात हे उघड्यावर जमणार नाही. बंद कपाट, आत सिलिका जेल आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढं पुरे. जेल दर पंधरवड्याला पाहा आणि रंग बदलला की वाळवा.

ती उडवून बघायची इच्छा होईल. नाही. नळीतली घडणीची सांध बाहेरून दिसत नाही आणि ती फुटते तेव्हा आपला चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो.

विकत घेताना आणि पुढे देताना

नवीन संग्राहकाने आधी वर्षभर फक्त पाहावं. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचं केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा, नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, हैदराबादचं सालारजंग, दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, जोधपूरचा मेहरानगड. काचेतून का होईना, खऱ्या वस्तूवर नजर बसली की बाजारातला पाइप लगेच कळतो.

घेताना विक्रेत्याचा पुराणवस्तू-विक्रीचा परवाना पाहा, बिलावर वर्णन, मापं आणि खुणा लिहून घ्या आणि बंदूक आधी कुणाकडे होती ते विचारा. शस्त्र कायद्याखालचे कागद नसतील तर किंमत कितीही कमी असो, हात लावू नका. सोन्याने मढवलेल्या, कहाणीच दाखवायला नसलेल्या बंदुकीपेक्षा साधी, मार खाल्लेली, पण कुठल्या पलटणीची आणि कुणाच्या घरातली हे माहीत असलेली बंदूक मी कधीही आधी निवडेन.

प्रत्येक बंदुकीसाठी एक वही ठेवा. दोन्ही बाजूंचे आणि प्रत्येक खुणेचे फोटो, नळीची लांबी, तोंडाचं माप, वजन, अर्जाची प्रत, पोलिसांचं पत्र. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून कळेल तेही लिहा: ती कुणी आणली, कुठल्या नोकरीत मिळाली, दसऱ्याला पाटावर ठेवत का. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख शेजारी घाला. ऐकीव माहिती ऐकीव म्हणूनच नोंदवा.

सांभाळणं जमणार नसेल तर संग्रहालयाला द्या, पण नुसती नेऊन ठेवू नका. आधी संचालकांना पत्र लिहा, शस्त्र परवाना शाखेची लेखी संमती घ्या, दानपत्र करा आणि त्यावर संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या. वहीची एक प्रत बंदुकीबरोबर जाऊ द्या, दुसरी घरी ठेवा.